फ्लशकाका

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात, रात्री साडेनऊला, फ्लशकाकांची बेल वाजवली आणि "आमच्या संडासाची टाकी भरत नाहीये, जरा बघता का?" असं विचारलं. चूक बाईंची नव्हती. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळेच त्यांना फ्लशकाका म्हणतात. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि टाकी सोडून बाकी सगळ्याची माहिती दिली. पाऊण तासाने बाई बाहेर पडल्या तेव्हा मेमरीतला डेटा कायमच्या जागी उतरवण्याला फ्लश म्हणतात, एवढं त्यांना कळलं होतं. टाकी सकाळी वॉचमनने दुरुस्त केली.

काका डेटाबेसवाले. तीस वर्षं त्यांनी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे डेटाबेस सांभाळले, आणि त्या तीस वर्षांत एका शब्दावरून त्यांचा विश्वास कायमचा उडाला. तो शब्द म्हणजे 'झालं'. आपण मराठी माणसं हा शब्द फार सैल हाताने वापरतो. काम हातात घेतलं तरी झालं, संपलं तरी झालं, बिघडलं तरी 'झालं!' काकूंनी स्वयंपाकघरातून "भात झाला" म्हटलं की काका पेपर खाली ठेवून विचारतात, "झाला म्हणजे गॅस बंद केलास, की वाफ जिरली?" लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यामुळे काकू आता भाताबद्दल काही बोलतच नाहीत. थेट ताट वाढतात.

या संशयाला कारण आहे. डेटा जिथे कायमचा साठतो त्या ड्राइव्हच्या पोटात त्याची स्वतःची छोटी मेमरी असते. डेटाबेसने पान पाठवलं की ड्राइव्ह ते त्या मेमरीत टाकतो आणि सांगतो, झालं. तेवढ्यात वीज गेली की पानही गेलं. म्हणून डेटाबेस दरडावून सांगतो, फ्लश कर आणि मग बोल. पण ऐकणाऱ्यांतही सगळे सरळ नसतात. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं, की लिनक्समध्ये फ्लश एकदा फसला तर ऑपरेटिंग सिस्टिम ती न उतरलेली पानं 'स्वच्छ' म्हणून सोडून देते, आणि पुन्हा फ्लश करायला सांगितलं की निर्लज्जपणे "झालं" म्हणते. फसलेला फ्लश पुन्हा करता येतो, ही त्यांची जवळजवळ वीस वर्षांची समजूत चुकीची निघाली. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंना वाटलं, कुणीतरी गेलं. पुढच्या वर्षी पोस्टग्रेसने उपाय केला. फ्लश फसला की आता डेटाबेस तडक बंद पडतो आणि नोंदवहीवरून सगळं नव्याने उभं करतो. काकांच्या मते संसारातही हेच करायला हवं होतं. पण हे ते काकू बाजारात गेल्यावर म्हणतात.

नोंदवहीवरची ही श्रद्धा घराण्यातली आहे. काकांचे वडील बार्शीला आडत दुकानात दिवाणजी होते. माल आला, पैसा गेला, काहीही घडलं तरी आधी कीर्दीत ओळ पडायची आणि मग सवडीने ती रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायची. कीर्द शाबूत असली की खतावणी जळाली तरी पुन्हा मांडता येते. डेटाबेस हेच करतात. आधी लॉगमध्ये ओळ, मग सवडीने मूळ पानावर बदल. आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ही सगळी पद्धत 'एरिज' नावाने शास्त्रशुद्ध मांडली, हे काका मान्य करतात. फक्त "आमच्या आप्पांनी ती पेपरात छापली नाही इतकंच" असं वर म्हणतात. मला हे जरा जास्तच वाटतं. वीज गेल्यावर आप्पांची कीर्द टिकायची यात आप्पांचं कौतुक काय? दुकानात वीजच नव्हती.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण पडद्यावरची बटणं करतो. काकांच्या लेखी हा रांगोळीचा धंदा. तरी त्यांच्या मुलाच्या लग्नात सामानाची जबाबदारी माझ्यावर होती, त्यामुळे पुढचं सगळं मी गादी खांद्यावर घेऊन पाहिलं आहे.

मुलाने स्वतःच जमवलं. मुलगी नाशिकची, शिकलेली, हसरी. काका खूश होते. मग कळलं की मुलीचे वडील एसएसडीचं फर्मवेअर लिहितात. म्हणजे जो ड्राइव्ह काकांना तीस वर्षं "झालं" म्हणत आला, त्याच्या तोंडी तो शब्द घालणारा माणूस आता व्याही होणार होता.

पोह्यांच्या बैठकीत दोघं अतिशय अदबीने बोलले, आणि त्यामुळे काहीच बोलले नाहीत. व्याहीबुवांनी विचारलं, "आपल्याकडची किती माणसं?" काका म्हणाले, "एकशे चार." व्याही म्हणाले, "झालं. सोय होईल." काकांच्या कपाळावर आठी उमटलेली मी पाहिली. पण वरपक्ष असूनही ते गप्प राहिले. पुढे माझ्या लक्षात आलं, की डेटाबेस आणि ड्राइव्ह हेही एकमेकांशी नेमके असेच बोलतात. अमुक नंबरच्या जागी हे ठेव. ठेवलं. अमुक नंबरचं दे. घ्या. तुमच्या घरात काय चाललंय हे आम्ही विचारणार नाही, आमच्या घरात काय चाललंय हे तुम्ही विचारू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी ठरलेली ही रीत. तबकडी गेली, रीत राहिली.

लग्नाच्या महिनाभर आधी काकांनी पहिला स्फोट केला. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन झालीच होती. मुदत भरताच ते मुलाला, सुनेला आणि तीन साक्षीदारांना घेऊन नोंदणी कार्यालयात गेले. "आधी कीर्द, मग अक्षता." काकू आणि विहीणबाई दोघींनी हे लग्न धरायचं नाही असं ठरवून टाकलं. काकांनी मात्र दाखल्याच्या दोन प्रती काढून दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या.

लग्नाचं कार्यालय पुण्यात, सिंहगड रस्त्यावरचं. पंधरा खोल्या, खोलीला आठ गाद्या. यजमान वधूपक्ष, म्हणजे खोल्या व्याहीबुवांच्या ताब्यात. कार्यालयाचा नियम असा, की पलंगपोस बदलणं आणि फरशी पुसणं अख्ख्या खोलीचंच होईल, एकेका गादीचं नाही, आणि तेही खोली पूर्ण रिकामी असेल तरच. शिवाय दोन दिवसांत एका खोलीला तीन वेळाच, कारण पुसणाऱ्या मावशी एकच.

हा नियम ऐकून व्याहीबुवा पहिल्यांदाच मनापासून हसले. "अहो, हा तर फ्लॅशच!" आणि खरंच तसं आहे. एसएसडीतल्या फ्लॅशच्या चिपमध्ये लिहायचं ते पानाने, साधारण सोळा किलोबाइटच्या. पण लिहिलेलं पान खोडून त्यावर पुन्हा लिहिता येत नाही. पुसायचं ते शेकडो-हजारो पानांचा अख्खा ब्लॉक. आणि पुसण्यालाही मोजमाप आहे. एका पेशीत एकच बिट ठेवायचे तेव्हा लाखभर वेळा पुसता यायचं. आता स्वस्ताईसाठी एकेका पेशीत तीन-चार बिट कोंबतात, तर हजार-तीन हजार वेळा पुसून ब्लॉक म्हातारा होतो. म्हणून फर्मवेअर सतत हिशेब करतं. नवं पान दुसरीकडेच लिहायचं, जुनं मेलं असं मनात धरायचं, आणि एखादा ब्लॉक बहुतेक मेला की त्यातली उरलीसुरली जिवंत पानं हलवून तो पुसायचा. बाहेरच्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, पान जिथल्या तिथे आहे.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी माणसं येत गेली तशी व्याहीबुवांनी खोल्या भरत नेल्या. पुण्यातली मंडळी जेवून रात्री घरी जाणारी, बार्शीची मंडळी उद्या पंगत उठली की निघणारी, आणि काही जण सत्यनारायणापर्यंत मुक्काम ठोकून. सगळे एकाच खोलीत. व्याह्यांना आकडा दिला होता, बाकी काही सांगितलं नव्हतं. अकरा वाजता नाशिकहून बस येऊन अंगणात उभी राहिली. चाळीस माणसं, पेंगुळलेली, कडेवर पोरं. त्यांना पुसलेल्या खोल्या हव्यात. जेवून गेलेल्यांमुळे गाद्या भरपूर मोकळ्या होत्या, पण पूर्ण मोकळी खोली एकही नाही. प्रत्येक खोलीत दोन-तीन माणसं घोरत होती.

मग सुरू झाली हलवाहलव. तीनमधले दोघे उठवून सातमध्ये, सात भरली म्हणून सातमधली आजी नऊमध्ये. काकांच्या आत्या, वय ब्याऐंशी, सोबत वळकटी, औषधांचा डबा आणि गुडघे. त्या रात्री त्यांना तीनदा हलवलं. म्हणजे आत्या एकच आल्या, पण कार्यालयाने चार आत्या झोपवल्या. या आकड्याला त्या धंद्यात राइट ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. आत्यांनी त्याला जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही. मामा तर जेवून स्वारगेटहून शेवटच्या एसटीने कधीच गेले होते, पण जाताना कुणाला सांगून गेले नाहीत. त्यांची रिकामी गादी आणि विसरलेली पिशवी मी मोठ्या काळजीने दोन मजले खाली नेली. ड्राइव्हचंही पूर्वी असंच चालायचं. डेटाबेसने फाइल पुसली तरी ड्राइव्हला कुणी कळवत नसे आणि तो बिचारा मेलेला डेटा जिवापाड जपत हलवत बसे. पुढे ट्रिम नावाची आज्ञा आली, तिचा अर्थ एवढाच की मामा गेले. आणि काकांचे चुलतभाऊ, त्यांना फक्त उशाखालचा चष्मा हवा होता, ते ओल्या फरशीच्या दारात वीस मिनिटं उभे होते. फ्लॅशमध्ये वाचायला मायक्रोसेकंद पुरतात, पण पुसायला मिलिसेकंद लागतात, आणि पुसण्याच्या मागे वाचणारा अडकला की डेटाबेसचा असाच चुलतभाऊ होतो.

दीड वाजता जिन्यात दोघा व्याह्यांची गाठ पडली. अदब संपली होती.

"तुमच्यातलं कोण कधी जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! वहीत लिहिलंय, वेळेसकट."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही आकडा विचारलात. आणि तुम्ही आमची माणसं हलवताय हे आम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगून तुम्ही काय करणार होतात?"

इथून लग्न बाजूला राहिलं. व्याही म्हणाले, आम्ही काय कमी केलं? २०१४ सालीच सॅमसंगच्या लोकांनी सुचवलं होतं, की लिहिताना निव्वळ एक खूण लावा, लवकर मरणारा डेटा वेगळा आणि टिकणारा वेगळा. त्यानंतर तर ड्राइव्हच्या सगळ्या किल्ल्याच तुमच्या हातात दिल्या, ओपन-चॅनेल म्हणून. काका ताडकन म्हणाले, "किल्ल्या दिल्यात, आणि झाडूही दिलात!" हे मात्र खरं. कुठला ब्लॉक झिजला, कुठला पुसायचा, हे सगळं डेटाबेसवाल्याने बघायचं. कार्यालय भाड्याने घेऊन फरशी आपणच पुसण्यासारखं. लिनक्समध्ये २०१६ साली आलेली ती सोय २०२१ मध्ये काढूनही टाकली. मग आले झोन. ओळीने झोपा, मधला उठला तरी त्याची गादी कुणाला द्यायची नाही, खोली एकदमच मोकळी करायची. रॉक्सडीबीसारखा मुळातच ओळीने लिहिणारा डेटाबेस त्यात सुखाने नांदतो. "पण आमच्यात," काका म्हणाले, "माणूस रात्री उठतो आणि परत आपल्याच गादीवर येऊन पडतो." पान जागच्या जागी बदलणाऱ्या बी-ट्रीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

"आणि तुम्ही सगळं दोनदा लिहिता ते?" व्याही आता पेटले होते. "मायएसक्यूएल प्रत्येक पान दोनदा लिहितो, पोस्टग्रेस पानंच्या पानं लॉगमध्ये ओततो. निम्मा फ्लॅश तुमच्या संशयाने झिजतो."

काका काही न बोलता त्यांना फाटकाशी घेऊन गेले. मीही गेलो, गादीसकट. फाटकावर चिकटवायच्या अक्षरांचा फलक होता. संध्याकाळी तिथला पोरगा कालच्या लग्नाची नावं काढून आमची लावत होता. वराचं नाव बदललं आणि त्याला कुणीतरी चहाला हाक मारली. तो परत आलाच नव्हता. फलकावर काकांच्या मुलाचं लग्न कालच्या नवरीशी लागत होतं.

"हे," काका म्हणाले, "टॉर्न पेज."

मायएसक्यूएलचं पान सोळा किलोबाइटचं, आणि ड्राइव्ह हमी देतो ती त्याहून लहान तुकड्याची. मध्येच वीज गेली की पान अर्धं नवं, अर्धं जुनं. म्हणून डेटाबेस आधी एक प्रत बाजूला लिहितो आणि मग मूळ जागी. यात मला दोष दोघांचाही दिसतो, पण ड्राइव्हवाल्यांचा जरा जास्त. कारण फर्मवेअर नाहीतरी नवं पान दुसऱ्या जागीच लिहितं. जुनं हातात असतंच. नवं पूर्ण उतरल्यावर मगच पत्ता बदलला की पान फाटण्याचा प्रश्नच राहत नाही. म्हणजे हमी घरातच पडून होती, फक्त दाराबाहेर कुणी आणली नाही. फ्यूजन-आयओच्या लोकांनी २०११ सालीच हे करून दाखवलं. लिनक्सच्या मुख्य शाखेत अशा अखंड लिखाणाची सोय शिरायला २०२४ उजाडलं.

व्याही फलकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "वही आणा तुमची," ते म्हणाले.

अडीच वाजता दोघं पंगतीच्या टेबलावर बसले. काका वाचत होते, व्याही लिहीत होते. उद्या पंगतीनंतर जाणारे चार ते आठ नंबर. सत्यनारायणाचे नऊ ते अकरा. "पण हे निव्वळ सांगणं आहे हां," काकांनी बजावलं, "कुणी आयत्या वेळी राहिलं तर तक्रार चालणार नाही." व्याही म्हणाले, "आणि मीही तसंच ठेवीन असं वचन देत नाही. पण सांगत चला." २०२२ साली गूगल आणि मेटाच्या पुढाकाराने ड्राइव्हशी बोलण्याच्या एनव्हीएमई नियमांत जी डेटा-प्लेसमेंटची सोय आली, ती तरी याहून वेगळी कुठे आहे? झाडू ड्राइव्हकडेच, पण कोण कधी जाणार याची चिठ्ठी डेटाबेसकडून. एवढी साधी गोष्ट सुचायला मोठमोठ्या कंपन्यांना दशकभर लागलं. आमच्या व्याह्यांना एक रात्र लागली, कारण आत्या समोर उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत उठली, बार्शीची बस निघाली आणि पाच खोल्या एकदम मोकळ्या झाल्या. एकही माणूस हलवावा लागला नाही. मावशी आश्चर्याने दारात उभ्या राहून बघत होत्या.

पण त्याआधी, मुहूर्तावर, तिसरं मंगलाष्टक चालू असताना वीज गेली. माइक मेला, गुरुजींचा आवाज एकदम माणसाचा झाला, मागच्या रांगेतून कुणीतरी अपशकुनाबद्दल पुटपुटलं आणि विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अंतरपाटाशी फक्त दोन माणसं शांत होती. "कमिट महिन्यापूर्वीच झालंय," काका म्हणाले. "आणि आमच्याकडे कपॅसिटर आहे," व्याही म्हणाले. पाच सेकंदांत माइक आणि बोहल्यावरचा एक दिवा परत आला. त्यांनी इन्व्हर्टर आणला होता, बरोबर तेवढ्याच दोन गोष्टींपुरता. सर्व्हरच्या चांगल्या ड्राइव्हमध्येही कपॅसिटर असतात ते काही रात्रभर चालवायला नसतात. मेमरीत असेल ते फ्लॅशवर उतरेपर्यंत पुरले की बास. अशा ड्राइव्हचं "झालं" खरं असतं. काकांनी व्याह्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी सुनेकडेही पाहिलं नव्हतं.

वीज आल्यावर फोटोग्राफरने सगळ्यांना उभं केलं. व्याही मला सांगत होते, की १९८० च्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी बनवली तेव्हा सगळं एका झटक्यात पुसलं जाणं पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, त्यावरून हे नाव पडलं. फोटोत त्यांचं तोंड उघडं आलं आहे.

सत्यनारायण उरकला. कार्यालयाचा मॅनेजर किल्ल्या मोजून घेत होता. पंधरा दिल्या होत्या, तेरा परत आल्या. काका, मी, मॅनेजर, सगळे शोधू लागलो. व्याहीबुवांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून दोन किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. चौदा आणि पंधरा.

"अडीनडीला असाव्यात म्हणून," ते म्हणाले. "आम्ही ड्राइव्हमध्येही ठेवतो थोड्या. सांगत नाही एवढंच."

दोन्ही खोल्या पहिल्या दिवसापासून रिकाम्या होत्या. काका काही बोलले नाहीत. त्यांनी वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि आधी तारीख घातली.